दोन चाव्यांचं इंटरनेट

कॅशियरकाकांच्या घरात इंटरनेट आलं ते काकूंच्या ताईमुळे. काकांवर सोडलं असतं तर ते अजूनही आलं नसतं. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि मोजून घेता येत नाही, तिच्यावर विश्वास बसायला काकांना फार वेळ लागतो. काकूंवर बसायलासुद्धा लग्नानंतर काही वर्षं गेली होती, असं काकू म्हणतात.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. राहते लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिचे कान लहानपणापासूनच मंद. दोघी एका खोलीत वाढल्या, आणि ताईला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायचं तर घरभर बोभाटा व्हायचा. मग दोघींनी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची सवय लावून घेतली. समोर वडील पेपर वाचत बसलेले असायचे आणि या दोघी त्यांच्या देखत त्यांच्याच टकलाबद्दल तासन् तास गप्पा मारायच्या. वडिलांना वाटायचं, मुली किती शांत आहेत.

लग्नं झाली, दोघी लांब गेल्या, तरी फोनवर मोठ्याने बोललं की ताईला थोडंफार कळायचं. अलीकडे तेही थांबलं. आता फोन ताईची सून घेते. काकू इकडून मनातलं सगळं भडाभडा सांगणार, आणि सूनबाई तिकडे खुणांनी ताईला त्याचं सार सांगणार की मावशी बऱ्या आहेत. मग उलट निरोप येणार, की त्याही बऱ्या आहेत. इतक्या बऱ्या आम्ही दोघी जन्मात कधी नव्हतो, असं काकू एकदा फोन ठेवता ठेवता म्हणाल्या.

आणि मग एक दिवस सूनबाईने 'बऱ्या आहेत'च्या जोडीला हेही सांगितलं, की ताईची नजर आता कमी होत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, यापुढे ती कमीच होत जाणार.

त्या दिवशी काकूंनी काकांना चहा दिला आणि साखर घालायला विसरल्या. काकांनी तो मुकाट्याने प्यायला, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजून घ्या. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मला ताईशी बोलायचंय. तिला माझे ओठ दिसतायत तोवर."

प्रवास दोघींच्याही गुडघ्यांना झेपणारा नव्हता. उरला व्हिडिओ कॉल. ताईचा मुलगा एका रविवारी घरी येणार होता, तो आईपुढे मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर मांडून देणार होता आणि दुपारच्या गाडीने परत जाणार होता. तिकडची सोय झाली. इकडे मात्र काकांच्या घरात मोबाइलची रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीशी यायची, तीही बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं तर. तिथून चेहरा पाठवला तर तो तिकडे पोहोचायचा, पण कपाळ आज आणि हनुवटी उद्या. अशा परिस्थितीत काकांनी इंटरनेटला परवानगी दिली.

वायरवाला आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, एक काळा डबा टेबलावर ठेवला आणि त्यातले दिवे लुकलुकायला लागले. मग तो म्हणाला, की मोबाइलवर कंपनीचं पान उघडायचं, त्यात युजरनेम आणि पासवर्ड भरायचा, की इंटरनेट सुरू. आत्ताचा पासवर्ड कंपनीने दिलाय, तो बदलून स्वतःचा ठेवा. आणि जाता जाता म्हणाला, "जपून ठेवा बरं का, काका."

हे त्याने कॅशियरकाकांना सांगायला नको होतं.

काकांची सगळी नोकरी बँकेच्या तिजोरीपाशी गेली. तिजोरीच्या खोलीला दोन चाव्या. एक काकांकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. सकाळी दोघांनी मिळून दार उघडायचं, संध्याकाळी दोघांनी मिळून बंद करायचं. एकाची चावी दुसऱ्याने बघायची नाही, हातात धरायची तर गोष्टच सोडा. अधिकारी किती आले नि किती गेले, काकांची चावी काकांच्या कमरेला होती तशी राहिली. एकट्याने तिजोरी उघडू शकणारा माणूस कितीही सज्जन असला, तरी काकांच्या लेखी तो अर्धा चोर. आणि आता सगळ्या जगाचं दार उघडणारा एक पासवर्ड त्यांच्या एकट्याच्या डोक्यात राहणार होता. त्यांना ते मुळीच पटेना.

त्यात शेजारी. वरच्या मजल्यावरचे मास्तर आले आणि डब्याकडे लांबूनच बघून म्हणाले, याच्या लहरींनी माणसाची स्मरणशक्ती जाते. त्यांच्या मेव्हण्याची गेली होती. मेव्हण्याची आधी कितपत होती, हे विचारायचा काकूंना मोह झाला, पण त्यांनी आवरलं. मास्तरांनी डबा कपाटावर चढवायला लावला, म्हणजे लहरी डोक्यावरून जातील. पाठोपाठ शेजारचे दंतवैद्य आले. ते म्हणाले, कपाटावर काय ठेवता, खाली घ्या, मधल्या भिंतीशी ठेवा, तिथे जोर चांगला मिळतो. ही मधली भिंत म्हणजे काकांची आणि दंतवैद्यांची सामाईक भिंत, हे काकांच्या लगेच लक्षात आलं, आणि डबा पुन्हा टेबलावर आला. दंतवैद्यांनी तर आपल्या घरचं इंटरनेट कालच बंदही करून टाकलं होतं. शेजारी आहोत, एकात भागतंय तर दोन कशाला, असा त्यांचा मोकळाढाकळा विचार. पासवर्ड तेवढा सांगून ठेवा, असं ते दारातून जाता जाता म्हणाले, जणू विरजण मागायला आले होते.

दार लावून काका वळले. त्यांचा चेहरा बघून काकूंना बँकेचे दिवस आठवले.

काकांनी जाहीर केलं, की पासवर्ड दोन भागांत राहील. पुढचा अर्धा त्यांचा, मागचा अर्धा काकूंचा. आपला भाग आपण ठरवायचा, आपणच टाकायचा, आणि एक टाकत असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कुठेही लिहून ठेवायचा नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, की इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एखाद्या गोष्टीतला सरळ अर्धा हिस्सा पहिल्यांदाच मिळतोय, तर त्या कशाला नाही म्हणतील.

एकदा पान उघडलं की ते महिनोन् महिने उघडंच राहतं, हे काकांना कळलं तेव्हा त्यांना धक्काच बसला. रात्रभर तिजोरी उघडी? मग रोज संध्याकाळी कामकाज बंद करायची पद्धत सुरू झाली. काका पानावर जाऊन इंटरनेट रीतसर बंद करायचे, डब्याचं बटण दाबायचे, बटण दाबलं गेलंय का ते पुन्हा बघायचे. आणि रोज सकाळी चहा झाला की दोघं टेबलापाशी उभे. काका म्हणणार, "चला." काकू हात पुसत येणार आणि भिंतीकडे तोंड करणार, तिथे भांड्यांचं काचेचं कपाट आहे. काका आपला अर्धा भाग टाकणार, खाकरणार, आणि मग स्वतः खिडकीकडे वळणार. काकू आपला भाग टाकणार. दिवे हिरवे झाले की काका समाधानाने मान हलवणार. या दोघांना सकाळी चहानंतर एकत्र करायचं असं काम पूर्वी काही नव्हतं. नोकरी होती तोवर काकांना बँकेची घाई असायची आणि नोकरी संपल्यावर ते पेपरमागे बसायचे. आता रोज थोडा वेळ दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. काकूंना हे आवडायला लागलं होतं. त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण शनिवारी दंतवैद्य जिन्यात भेटले. पासवर्ड न मिळाल्याने ते जरा फुगलेच होते. म्हणाले, "पासवर्ड मधून मधून बदलायचा असतो, हे ठाऊक असेलच तुम्हाला." काकांना ते ठाऊक होतं. बँकेतही कुलपं बदलायचे. मग हे आपल्याला आधी का सुचलं नाही, आणि सुचवलं कुणी तर दात काढणाऱ्याने! काका तडक वर आले आणि त्यांनी काकूंना टेबलापाशी बोलावलं. काकू म्हणाल्या, उद्या ताईशी बोलायचंय, आजच कशाला हात लावता, सोमवारी बदलू. काका म्हणाले, महत्त्वाच्या व्यवहाराच्या आदल्या दिवशीच तर खबरदारी घ्यायची असते. आणि पासवर्ड बदलला. काकूंनी आपला भाग सोपाच ठेवला. काकांनी मात्र या खेपेला असा ठेवला, की तो चोराच्या बापालाही ओळखता येऊ नये. त्यात आकडे होते, चिन्हं होती, मोठी अक्षरं होती, लहान अक्षरं होती, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो टाकून झाल्यावर काकांना बऱ्याच दिवसांनी नोकरीवर असल्यासारखं वाटलं.

रविवारी काकू उठल्या त्याच मुळी हसत. त्यांनी केस विंचरले, थोड्या वेळाने पुन्हा विंचरले. चष्मा पुसला. खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवली, म्हणजे ओठांवर सावली पडायला नको. मग आरशासमोर उभं राहून त्यांनी आवाज न करता दोन-चार वाक्यं म्हणून बघितली. सवय मोडली तर नाही ना, याची त्यांना धास्ती होती.

"चला," काका म्हणाले.

काकू कपाटाकडे वळल्या. काकांनी बोटं सरसावली, आणि ती तशीच थांबली. पहिलं अक्षर आलं. दुसरा आकडा आला. त्यापुढे काहीच येईना. म्हणजे यायचं, पण भलतंच यायचं. जुन्या बँकेतला खातेक्रमांक आला, शाळेतला हजेरी क्रमांक आला, कालचं मात्र काही येईना. काकांनी अंदाजाने काहीतरी टाकलं, खाकरले, खिडकीकडे वळले. काकूंनी आपला भाग टाकला. पान म्हणालं, चुकलं. माझंच बोट घसरलं असेल, असं काकू म्हणाल्या. पुन्हा सगळं झालं, पुन्हा चुकलं. तिसऱ्या खेपेला पानाने लाल अक्षरांत कळवलं, की आता फक्त एकदा संधी मिळेल. त्यानंतर खातं उद्यापर्यंत बंद.

कंपनीच्या यंत्रात काहीतरी बिघाड आहे, असं काका म्हणाले. ते खोटं बोलतात तेव्हा त्यांचा आवाज बँकेतल्यासारखा होतो. फोन करतो, म्हणत ते न्हाणीघरात गेले आणि बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहिले.

आधी यंत्र बोललं. हे हवं असेल तर एक दाबा, ते हवं असेल तर दोन दाबा. माणूस हवा असेल तर काय दाबायचं, ते सगळ्यात शेवटी आलं. मग एक मुलगी बोलली, फार गोड. काकांनी आवाज खाली आणून, बाहेर काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने आपली अडचण सांगितली. मुलगी म्हणाली, सर, सुरक्षेच्या कारणास्तव पासवर्ड आम्हालाही दिसत नाही. पण नवीन ठेवता येईल, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर एक आकडा पाठवते, तो मला सांगा.

काकांनी डोळे मिटले. नोंदवलेला नंबर म्हणजे खात्याची किल्ली, हे ओळखून त्यांनी त्यासाठी खास वेगळं सिमकार्ड घेतलं होतं. आणि ते कुणाच्या हाती लागू नये म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. आणि बँक रविवारी बंद.

दुसरा काही मार्ग आहे का, असं त्यांनी विचारून पाहिलं. त्यांनी तिला बहिणीचं सांगितलं, कानांचं सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. मुलीला मनापासून वाईट वाटलं, ते फोनवरही कळत होतं. पण नियम होता, आणि तिने तो मोडला नाही. काकांना तिच्यावर चिडतासुद्धा येईना. सगळ्या नोकरीत काउंटरच्या आतून त्यांनी लोकांना हेच आणि याच सुरात सांगितलं होतं. शेवटी ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. असंच करत जा." मुलीने धन्यवाद म्हटलं आणि या संभाषणाला किती गुण द्याल असं विचारलं. बादलीवर उभ्या असलेल्या काकांनी तिला सगळेच्या सगळे गुण दिले.

खाली उतरून ते बादलीवरच बसले. आता त्यांना ताईचा कॉल हुकण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीची भीती वाटत होती. नोटा मोजताना एकही नोट इकडची तिकडे न होऊ दिलेला माणूस, काल संध्याकाळी स्वतः ठरवलेली अक्षरं आज सकाळी विसरतो. मास्तरांचा मेव्हणा त्यांना आठवला. त्याचं हसू येत नव्हतं. विसरायला सुरुवात झाली की कुठे थांबायचं हे आपल्या हातात नसतं, आणि हे काकूंना कसं सांगायचं, ते त्यांना समजेना.

बाहेर लँडलाइनवर सूनबाईचा फोन आला असावा. काकूंचं बोलणं ऐकू आलं, की हो, बसवा तिला, येतोच आम्ही. म्हणजे ताई तिकडे पडद्यापुढे येऊन बसली होती.

काका बाहेर आले. काकू उजेडातल्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. काकांनी तीन-चार वाक्यांची तयारी केली होती, कंपनी, बिघाड, रविवार वगैरे. काकूंच्या विंचरलेल्या केसांकडे बघून त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"मला आठवत नाहीये गं," ते म्हणाले. "माझा भाग मी विसरलो."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. काकांना वाटलं, आता रडतील किंवा बोलतील, आणि दोन्ही आपण ऐकून घ्यायचं. काकू उठल्या, टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि "चला," म्हणाल्या.

काकांना कळेना. मग काकूंनी त्यांच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. काका बघत राहिले. त्यांना काही समजलं नाही. काकूंनी पुन्हा एकदा सावकाश ओठ हलवले. काका तसेच. शेवटी काकूंनी हसून त्यांचा दंड धरला, त्यांना खाली वाकवलं आणि त्यांच्या कानात हळूच त्यांचा अर्धा भाग सांगितला. अक्षरं, आकडे, चिन्हं, कुठलं मोठं, कुठलं लहान, काही चुकलं नाही. ऐकता ऐकताच काकांना सगळं आठवलं.

"तुला कसं ठाऊक?"

"तुमचे ओठ हलतात. नोटा मोजताना हलायचे तसेच. भांड्यांच्या कपाटाच्या काचेत सगळं दिसतं मला."

"कालच बघितलंस?"

"पहिल्या दिवसापासून."

काकांच्या डोळ्यांसमोर तिजोरीची खोली उभी राहिली. दोन्ही चाव्या एकाच माणसाकडे, तेही इतके दिवस. त्यांच्या आतला कॅशियर खडबडून जागा झाला. "मग रोज भिंतीकडे तोंड करून कशाला उभी राहत होतीस? तू एकटीच उघडू शकत होतीस की."

"उघडलं असतं," काकू म्हणाल्या, "मग तुम्ही कशाला आला असतात सकाळी माझ्या शेजारी येऊन उभे राहायला?"

काकूंनी त्यांच्या हातातला मोबाइल टेबलावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. तुमचा भाग तुम्हीच टाकायचा, नियम म्हणजे नियम, असं त्यांनी बजावलं आणि स्वतः कपाटाकडे तोंड केलं. शेवटची संधी होती. काकांनी एकेक अक्षर दोनदा बघून टाकलं आणि खिडकीकडे वळले. मागे काकूंची बोटं टकटक वाजली. मग काकू म्हणाल्या, हिरवा झाला.

पडद्यावर ताई आली. आधी नुसता पांढरा भांग, मग तिच्या मुलाने पडदा सरळ केला आणि चेहरा आला. ती डोळे बारीक करून बघत होती. काकू पुढे सरकल्या, अगदी उजेडात, आणि त्यांनी ओठ हलवले. ताई क्षणभर तशीच बघत राहिली. आणि मग तिच्या ओठांनी उत्तर दिलं. काकूंनी तोंडावर हात घेतला, आणि मग आठवून लगेच काढला, कारण ओठ झाकले तर ताईला दिसणार कसं?

त्यानंतर त्या दोघी जे बोलत सुटल्या ते बोलतच सुटल्या. घरात आवाज म्हणाल तर टेबलावरच्या डब्याचाही नाही. दंतवैद्यांनी भिंतीला कान लावला असता तरी त्यांना काही मिळालं नसतं. काका बाजूला बसून दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. इतकी चोख व्यवस्था त्यांनी बँकेतही बघितली नव्हती. काकू रडत होत्या, मधेच हसत होत्या, डोळे पुसायला पदर घेत होत्या आणि पदराआडूनच बोलत राहत होत्या, आणि ताई तिकडून बोट उगारून त्यांना पदर खाली घ्यायला लावत होती. सगळं साठलेलं बाहेर येत होतं, आणि कुणी त्याचं सार काढत नव्हतं.

मधे एकदा ताईने काकांकडे बघितलं, लांबलचक काहीतरी म्हटलं, आणि दोघी इतक्या हसल्या की काकूंचा चष्मा खाली आला. काकांनी हळूच डोक्यावरून हात फिरवला. तिथे आता फारसं काही उरलं नव्हतं.

"काय म्हणाली?" कॉल संपल्यावर त्यांनी विचारलं.

"तो आमचा भाग आहे," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. या वेळी साखर दोनदा पडली. काकांनी तोही मुकाट्याने प्यायला.

संध्याकाळी काकांनी कामकाज रीतसर बंद केलं. पासवर्ड बदलायला हवा होता. दोन्ही भाग एकाच माणसाला ठाऊक झाले की तो त्याच दिवशी बदलायचा, हा त्यांचाच नियम. ते फोन हातात घेऊन थोडा वेळ बसले, आणि मग त्यांनी तो खाली ठेवला. भांड्यांच्या कपाटाची काच मात्र त्यांनी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढली. काकूंनी विचारलं, हे काय नवीन, तर म्हणाले, धूळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. ताईची सून म्हणाली होती, आता माझ्याच फोनवरून रोज थोडा वेळ बोलत जा. काका टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि "चला," म्हणाले. काकू हात पुसत आल्या आणि शहाण्यासारख्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काकांनी आपला भाग टाकायला घेतला. टाकताना ते जरा कपाटाकडे वळले, उजेडात आले, आणि एकेक अक्षराला त्यांनी ओठ अगदी सावकाश, नीट उघडून हलवले.